पोटात गेलेल्या बांगड्याचा माग: कोकणातल्या आहाराचा मेटाबोलॉमिक्सने अभ्यास कसा करावा

१ जूनला मासेबंदी सुरू झाली की यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात आणि घराघरांत सुकट, सोडे, सुक्या बांगड्यांचे डबे उघडतात. ३१ जुलैला बंदी संपते, पण तिच्या मागेपुढेच श्रावण असतो. काही घरांत नारळी पौर्णिमेपर्यंत, काहींत गणपती पोचवून येईपर्यंत ताजी मासळी चुलीवर चढत नाही. म्हणजे दरवर्षी दोन-तीन महिने किनाऱ्यावरच्या माणसांचं ताट बदलतं आणि पुन्हा होतं तसं होतं. आहाराचा शरीरावर काय परिणाम होतो हे तपासायला इतकी सोयीची जागा शोधून सापडायची नाही. तरीही आपण दाखले देतो ते परदेशातल्या ताटांचे. हा लेख त्यासाठीच लिहितो आहे. पोषणशास्त्र, जीवरसायन किंवा मत्स्यविज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींना, तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना हे काम करता येण्यासारखं आहे.

मेटाबोलॉमिक्स म्हणजे रक्त, लघवी, लाळ अशा नमुन्यातले शेकडो छोटे रेणू एकाच वेळी मोजायची पद्धत. साखर, अमिनो आम्लं, मेदाम्लं, आतड्यातल्या जिवाणूंनी बनवलेले पदार्थ, सकाळच्या चहातलं कॅफिन, रात्री घेतलेली पॅरासिटामॉल, सगळं त्यात दिसतं. त्यासाठी लागणारी यंत्रं कोट्यवधींची असतात म्हणून माणसं बिचकतात. पण ती यंत्रं दुसऱ्याची असतात आणि चालवणारे जाणकार असतात. अभ्यास बुडतो तो त्याच्या कितीतरी आधी, वहीत आणि बर्फात.

पायरी १: प्रश्न बारीक करा

"रोज मासे खाणं चांगलं का?" हा प्रश्न मोजता येत नाही. असा विचारा: आठवड्यातून पाच दिवस समुद्राची मासळी खाणाऱ्या, ३० ते ५० वयाच्या, मधुमेह नसलेल्या माणसांनी दोन आठवडे मासळीऐवजी कुळथाची पिठी आणि डाळ खाल्ली, तर सकाळच्या लघवीतल्या कोणत्या रेणूंचं प्रमाण बदलतं? यात कोण, काय, किती दिवस आणि कुठे मोजायचं, हे सगळं आलं.

मोजायच्या तऱ्हा दोन. एक रापणीसारखी: किनाऱ्यावरून जाळं लावायचं आणि येईल ते ओढून घ्यायचं. दुसरी गळासारखी: कोणता मासा हवा ते ठरवून त्याच्याच खाण्याचं आमिष लावायचं. रापणीत अनोळखी रेणूही येतात, पण कचराही येतो आणि नक्की प्रमाण कळत नाही. गळाने ठरलेले वीस-पंचवीस रेणू अचूक मोजता येतात. माझा सल्ला असा की छोट्या चाचणीत रापण लावा आणि मुख्य अभ्यासात गळ टाका. उलटं केलं तर पैसे जातात.

पायरी २: कोणता रेणू किती दिवसांची साक्ष देतो ते आधी शिका

समुद्राच्या मासळीचा सगळ्यात बोलका रेणू म्हणजे ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड. पुढे त्याला टीएमएओ म्हणू. समुद्री मासे तो आपल्या मांसात साठवतात. मोरीत, म्हणजे रत्नागिरीकडच्या मुशीत, तो भरपूर असतो, कारण या माशाच्या अंगात युरिया खूप असतो आणि युरियामुळे प्रथिनांची होणारी मोडतोड टीएमएओ थोपवतो. मासा मेला की जिवाणू टीएमएओचं ट्रायमिथाइलअमाइन करतात. शिळ्या मासळीचा वास तो हाच. सकाळी आणलेली मोरी दुपारी पिशवीतून काढताना नाकात झणकन जाते ती युरियापासून सुटलेल्या अमोनियामुळे. सारात आमसूल पडलं की वास बसतो, त्यालाही कारण आहे: आमसुलाच्या आम्लाने ट्रायमिथाइलअमाइनचा क्षार होतो आणि क्षार हवेत उडत नाही. आपल्या आज्या हे रसायनशास्त्र हाताने करत आल्या आहेत.

खाल्लेला टीएमएओ बराचसा तसाच रक्तात जातो आणि साधारण एका दिवसात लघवीवाटे निघून जातो. ज्याचं आधीच ट्रायमिथाइलअमाइन झालेलं असतं त्याचं यकृतातलं एफएमओ-३ हे विकर पुन्हा टीएमएओ करतं. त्यामुळे अभ्यास आखताना काही गोष्टी बदलतात. मासेबंदीत टीएमएओ शून्यावर येईल असं धरून चालू नका, कारण सुकी मासळीही तो वाढवते. पहिल्या पावसात ओढ्यात धरलेले चढणीचे मासे मात्र गोड्या पाण्यातले, त्यांच्यात तो फार कमी. म्हणजे नुसतं "मासे खाल्ले" या नोंदीला अर्थ नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. २०११ साली 'नेचर' नियतकालिकात आलेल्या संशोधनाने टीएमएओचा संबंध हृदयविकाराशी जोडला. त्यात वाट वेगळी होती: अंडी, मांस अशा पदार्थांतल्या कोलीनपासून आतड्यातले जिवाणू ट्रायमिथाइलअमाइन बनवतात आणि यकृत त्याचा टीएमएओ करतं. लाल मांसातल्या कार्निटिनचीही वाट तीच, हे २०१३ साली दाखवलं गेलं. बांगडा खाणाऱ्याच्या अंगात तो आयता येतो. यंत्राच्या कागदावर दोघांचा आकडा सारखाच दिसेल. तेव्हा देवबागच्या एखाद्या मच्छीमाराच्या लघवीत टीएमएओ जास्त आला म्हणून त्याचं हृदय धोक्यात आहे असं कुणी लिहिलं, तर ते चूक आहे. ही चूक होऊ नये म्हणून तरी आपल्या किनाऱ्यावरचे अभ्यास आपल्या माणसांनी करायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

टीएमएओ कालचं सांगतो. महिन्यांचं हवं असेल तर तांबड्या पेशींच्या आवरणातली ओमेगा-३ मेदाम्लं मोजा. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून ती मेदाम्लं गेल्या दोन-तीन महिन्यांचं खाणं दाखवतात. तारली, बांगडा खाणाऱ्यांत ती चांगली दिसावीत. संत्री-मोसंबी खाल्ल्याचं प्रोलीन बिटाइनवरून कळतं. हिप्पुरेट मात्र फळं, भाज्या, चहा अशा कशानेही वाढतं, त्यामुळे एकट्या हिप्पुरेटवरून निष्कर्ष काढू नका. ट्रायगोनेलिनला पाठ्यपुस्तकं कॉफीची खूण म्हणतात, पण आपल्याकडे मेथीही आहे. कोकमातलं हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल सोलकढीची खूण म्हणून तपासून पाहण्यासारखं आहे. सुरुवात करणाऱ्याला हा विषय छान.

पायरी ३: आराखडा

मोसमाचा फायदा घ्यायचा मोह होतोच, कारण मासळी आपोआप बंद होते आणि आपोआप सुरू होते. पण पावसात ताटाबरोबर बाकीचंही बदलतं. होडीवरची मेहनत थांबते, टाकळा, फोडशीसारख्या रानभाज्या येतात, श्रावणी सोमवारचे उपास येतात. उपासाने रक्तात आणि लघवीत ३-हायड्रॉक्सिब्युटिरेट हा चरबी जळताना बनणारा रेणू वाढतो. त्याच वेळी नमुना घेतला तर मासळी बंद झाल्याचा परिणाम म्हणून तुम्ही उपासाचाच परिणाम छापाल. पाठोपाठ गणपतीत मोदक आणि करंज्या असतातच. म्हणून काय काय बदलतं ते नुसतं पाहायला मोसम वापरा. कशामुळे बदलतं हे ठरवायचं असेल तर अदलाबदलीचा आराखडा घ्या.

त्यात निम्मी माणसं आधी दोन आठवडे समुद्राची मासळी खातात, मग एक-दोन आठवडे आपलं नेहमीचं, आणि मग दोन आठवडे कुळीथ-डाळ. उरलेली निम्मी उलट्या क्रमाने. कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याशीच होते, म्हणून कमी माणसांत काम भागतं. २०१७ साली लंडनच्या संशोधकांनी फक्त १९ जणांना चार वेगवेगळे आहार प्रत्येकी ७२ तास देऊन नुसत्या लघवीवरून ते आहार ओळखता येतात हे दाखवलं. ती माणसं त्या काळात संशोधन केंद्रातच राहत होती, हे मात्र विसरू नका. वाडीत राहणाऱ्या, लग्नाबारशाला जाणाऱ्या माणसांसाठी संख्या वाढवावी लागेल. छोटी चाचणी वीस-पंचवीस जणांची करा आणि तिच्यातल्या चढउतारावरून मुख्य अभ्यासाची संख्या काढा.

तांबड्या पेशींतली ओमेगा-३ या आराखड्यात बसत नाहीत, कारण दोन आठवड्यांत त्यांचा जुना ठसा पुसला जात नाही.

ताटात एकच गोष्ट बदला. उकडा तांदूळ तोच, खोबरं तितकंच, तेल तेच, फक्त मासळीच्या जागी कुळीथ. त्यासाठी जेवण एका ठिकाणी शिजलेलं बरं. गावातल्या बचत गटाच्या बायका हे काम फार शिस्तीने करतात, त्यांना त्याचे पैसे ठरवून द्या. आणि रोज शिजवलेल्या मासळीचा एक कच्चा तुकडा नाव-तारीख लिहून गोठवून ठेवा. पुढे लघवीत अनोळखी शिखर (रेणूमुळे यंत्राच्या आलेखात उभा राहणारा उंचवटा) दिसलं की ते त्या तुकड्यात आहे का हे तपासता येतं.

पायरी ४: परवानगी आणि विश्वास

आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं वाचा, जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या नैतिकता समितीकडे प्रस्ताव द्या, आणि आहार बदलायला लावणारा अभ्यास असेल तर पहिला माणूस सामील होण्याआधी सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद करा.

संमतीपत्र मालवणीत वाचून दाखवा. त्यात एक गोष्ट स्पष्ट सांगा: या तपासणीत दारू, तंबाखू, मिशरी, औषधं, सगळं दिसतं. एखाद्या बाईची मिशरी घरच्यांना माहीत नसते, एखाद्याची दारू. ते कुणाच्या कानावर जाणार नाही हा शब्द द्या आणि पाळा. वाडी लहान असते. "४३ वर्षांची विधवा, अमुक वाडी" एवढं अहवालात आलं की नाव छापल्यासारखंच असतं. वाडीचं नाव आणि नेमकं वय अहवालात एकत्र कधीच येऊ देऊ नका.

पायरी ५: वही

माझ्या मते सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्यावी. आदल्या चोवीस तासांत काय खाल्लं ते घरी बसून विचारायचं, आणि घरातलीच भांडी पुढ्यात घेऊन माप लिहायचं. तीच वाटी, तोच पेला, तोच डाव. मग ती वाटी एकदा वजनकाट्यावर भरून बघायची. अन्नातले घटक काढायला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे तक्ते घ्या. त्यांत ५२८ पदार्थ आहेत.

मासळीची नोंद करताना नाव (बांगडा, तारली, बोंबील, सुंगटां, तिसऱ्या), ओली की सुकी, पाणी समुद्राचं, खाडीचं की गोडं, आणि सार, तिखलं की तळलेली, हे सगळं लिहा. त्यानंतरही चूक कशी होते ते पाहा. एका आजींना विचारलं, काल नुस्तां, म्हणजे मासळी, खाल्लंत का? "नाय गो बाय. पेज नि लाल भाजी." तसं लिहून झालं. निघताना चुलीशेजारी बरणी दिसली, निम्मी रिकामी. हे काय? "गोलमो. भाजयेत मूठभर टाकलंय." म्हणजे सुका जवळा. मग तुम्ही नुस्तां खाल्लं नाही कसं म्हणालात? "त्येका नुस्तां कोण म्हणता? ता चवीक."

आजी खोटं बोलत नव्हत्या. आमचा प्रश्न चुकला होता. तेव्हापासून आमच्या वहीत एक वेगळा रकाना आहे: चवीला काय घातलं. पान-सुपारी, मिशरी, विडी, दारू, आणि दुखण्याखुपण्याच्या गोळ्या यांचाही रकाना ठेवा. पॅरासिटामॉलची शिखरं लघवीत इतकी मोठी येतात की शेजारचं काही दिसेनासं होतं.

पायरी ६: नमुना आणि बर्फ

किनाऱ्यावर कुणालाही विचारा, मासळी बर्फात लावायला तासाभराचा उशीर झाला तर काय होतं. नमुन्याचंही तेच. लघवी आणि रक्त बाटलीत गेल्यावरही जिवंत असतात. बाहेर ठेवलेल्या रक्तात पेशी साखर खात राहतात. दर तासाला ती साधारण ५ ते ७ टक्के कमी होते आणि लॅक्टेट वाढत जातं. तुम्ही मग आहार न मोजता उशीर मोजता.

सकाळची पहिली लघवी स्वच्छ, नव्या डबीत घ्या. डबी थेट बर्फाच्या चुऱ्यात, थर्माकोलच्या पेटीत. दोन तासांच्या आत ४ अंशांवर दहा मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, वरचं नितळ पाणी अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरच्या चार-पाच कुप्यांत वाटा आणि उणे ८० अंशांना ठेवा. एका कुपीचा एकदाच वापर. वितळवून पुन्हा गोठवलेली कुपी बाद समजा. रक्त घेत असाल तर सगळ्यांचं एकाच प्रकारच्या नळीत घ्या, बर्फात ठेवा आणि अर्ध्या तासात प्लाझ्मा वेगळा करा. एनएमआर (चुंबकाच्या साहाय्याने रेणू ओळखायची पद्धत) करायचं असेल तर कोणती नळी चालेल ते आधी विचारा, रक्त गोठू नये म्हणून नळीत घातलेल्या ईडीटीएची स्वतःची शिखरं त्यात येतात. नाव-क्रमांक साध्या पेनाने लिहू नका, बर्फाच्या पाण्यात शाई जाते. रोज एका रिकाम्या डबीत शुद्ध पाणी भरून तिलाही तोच प्रवास घडवा. डबीच्या प्लास्टिकमधून काय उतरतं ते तिच्यावरून कळेल.

पहिल्या पावसाळ्यात आमचे नमुने एका उसन्या फ्रीझरमध्ये होते. रात्री वीज गेली आणि पहाटे खाली पाणी साचलं होतं. बारा दिवसांचं काम एका रात्रीत गेलं. ज्या माणसांनी पहाटे उठून, संकोच बाजूला ठेवून डब्या भरून दिल्या होत्या, त्यांच्याकडे पुन्हा जाऊन ते सांगावं लागलं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजनचे कॅन असतात. त्यांना तो कुठून, किती दिवसांनी येतो ते विचारा आणि त्याच फेरीत आपला कॅन भरून घेता येईल का ते पाहा. या कॅनमध्ये वीज नसली तरी नमुने कित्येक दिवस टिकतात. मुंबई-पुण्याला नमुने पाठवताना सुका बर्फ प्रवासाच्या दुप्पट वेळ पुरेल इतका घ्या, पावसात घाट केव्हा बंद होईल सांगता येत नाही. सुक्या बर्फाची किंवा नायट्रोजनची पेटी घट्ट बंद करू नका, आतल्या वायूने ती फुटते. गाडीची काचही उघडी ठेवा.

पायरी ७: यंत्र

नमुने गोळा करायच्या आधी प्रयोगशाळेशी बोला. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत एनएमआरची राष्ट्रीय सुविधा आहे, आयआयटी मुंबईतल्या सैफ या केंद्रात बाहेरच्यांना शुल्क भरून यंत्रं वापरता येतात. एनएमआरला नमुना फारसा तयार करावा लागत नाही आणि निकाल पुन्हा पुन्हा सारखा येतो. टीएमएओचं एकेरी शिखर लघवीत ३.२७ पीपीएमच्या (एनएमआरच्या आलेखावरची जागा सांगायचं माप) आसपास उभं राहतं. रेणूंचं वस्तुमान मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर याहून कितीतरी बारीक पाहतो, पण त्याचा सूर दिवसागणिक सरकतो.

तो सूर पकडायला प्रत्येक नमुन्यातला थेंबभर घेऊन एक मिश्रण करा आणि दर पाच-दहा नमुन्यांनंतर तेच मिश्रण यंत्रात घाला. नमुन्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. सगळे मासळीवाले सोमवारी आणि सगळे कुळीथवाले मंगळवारी घातले, तर तुम्हाला सोमवार-मंगळवारमधला फरक सापडेल.

पायरी ८: आकडे

एक्ससीएमएस, एमझेडमाइन आणि मेटाबोअॅनालिस्ट ही आकडे तपासायची संगणकी साधनं फुकट आहेत. मिश्रणाच्या नमुन्यांत ज्या शिखराचा चढउतार ३० टक्क्यांहून जास्त आहे ते टाकून द्या.

लघवी कुणाची पातळ, कुणाची दाट. ते सारखं करायला बहुतेक जण क्रिएटिनिनने, म्हणजे स्नायूंतून येऊन लघवीत उतरणाऱ्या एका पदार्थाच्या प्रमाणाने, भागतात. या अभ्यासात ते करू नका. मासळी आणि मांस खाल्ल्याने क्रिएटिनिन स्वतःच वाढतं, म्हणजे आपण मापायची काठीच लांब-आखूड करतो. विशिष्ट गुरुत्व किंवा ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण) वापरा.

पुढे आधी पीसीएचं चित्र (सारखे नमुने जवळ दाखवणारा ठिपक्यांचा आलेख) काढा आणि मिश्रणाचे ठिपके एका जागी गोळा झालेत का ते पाहा. ते विखुरले असतील तर पुढे जाऊ नका. पीएलएस-डीए ही गट आधीच सांगून करायची पद्धत दोन गट सुरेख वेगळे करून दाखवते, आकडे निव्वळ योगायोगाचे असले तरीही. म्हणून गटांची नावं हजारदा उलटसुलट वाटून चाचणी घ्या. हजार शिखरं तपासली तर ०.०५च्या कसोटीवर पन्नासेक नुसत्या नशिबाने पास होतात, त्यासाठी बेंजामिनी-हॉकबर्गची दुरुस्ती, म्हणजे असे खोटे पास कमी करायची संख्याशास्त्रातली रीत, लावा. माणूस तोच आहे, तेव्हा तुलना जोडीने करा.

शिखराला नाव देताना घाई नको. एचएमडीबी या माणसाच्या शरीरातल्या रेणूंच्या कोशात वस्तुमान जुळलं म्हणजे ओळख पटली असं नाही. खरा शुद्ध पदार्थ विकत आणून त्याच यंत्रात त्याच रीतीने चालवला आणि वस्तुमान व यंत्रातून बाहेर पडायची वेळ या दोन्ही गोष्टी जुळल्या, तरच खात्रीने नाव लिहा. बाकीच्यांपुढे "बहुधा" लिहायला लाजू नका.

पायरी ९: घरी परत जा

माणसांना त्यांचा निकाल द्या, पण रोगाचं भाकीत म्हणून नको. एका कागदावर त्यांचे दोन ठिपके, मासळीच्या आठवड्यांतला आणि कुळथाच्या, आणि खाली सोप्या मालवणीत दोन ओळी. साखर किंवा काही औषधाचं वेगळं दिसलं तर डॉक्टरांकडे पाठवा.

आणि कुणाच्या कुळथाच्या आठवड्यात टीएमएओचं शिखर उभं दिसलं, तर तो नमुना लगेच बाद करू नका. वही उघडा, चवीचा रकाना बघा. तो रिकामा असेल तर त्या घरी जाऊन चुलीशेजारी बसा आणि भाजीत काय घातलं होतं ते विचारा.